जुनी मेमरी परत कोणी बसवली?

१

“काही हरवलं की पांढरीचं नाव, आणि सापडलं की देवाचं,” असं कोणीतरी प्लास्टरच्या वाटीला सांगत होतं.

पेचमावशी दारात चपला काढत होती. चपलांचा कोपरा आणि प्लास्टरची मोरी यांच्यात हातभर अंतर, त्यामुळे ऐकायचं नव्हतं तरी ऐकू आलं. वाटी घोटणाऱ्या बाईची तिच्याकडे पाठ होती. पाठीवरही प्लास्टरचे शिंतोडे होते. ते तिथे कसे पोचतात हे त्या बाईलाही माहीत नव्हतं, पण त्यावरूनच तिचं नाव पांढरी पडलं होतं.

ही दातांची लॅब. दंतवैद्य पेशंटच्या तोंडाचे ठसे पाठवायचे, पांढरी त्यांत प्लास्टर ओतून जबडे काढायची आणि त्या जबड्यांवर पुढे दात घडायचे. आसपासच्या निम्म्या लोकांचं हसू या जिन्यावरून खाली उतरलेलं होतं, पण हे कोणी उघड सांगत नसे. दात विकत घेतलेत हे कोण सांगणार?

“काय हरवलं गं?” मावशीने विचारलं.

पांढरी दचकली. “तुम्ही बसवलेलंच गेलं, मावशी. कॉम्प्युटरची मेमरी.”

तेवढ्यात आतून भाची आली. ही मावशीच्या थोरल्या बहिणीची मुलगी, आता लॅबची मालकीण. तिने मावशीला हाताला धरून काचेच्या खोलीत नेलं आणि स्क्रीनकडे बोट दाखवलं. स्क्रीनवर छोटं गोल फिरत होतं.

“लागलं परत जातं फिरायला,” भाची म्हणाली. “नुसतं फिरतंय, पीठ काही पडत नाही. तू गेल्या आठवड्यात सगळं नवं बसवलंस ना? पापणी लवायच्या आत उघडत होतं. आज सकाळी बघते तर हे! आणि आठवड्याभराचं सगळं काम गायब. शाळेतल्या त्या बाईंचे समोरचे सहा दात आज द्यायचेत. बिचारी रुमाल तोंडावर धरून वर्ग घेतेय.”

मावशीने पिशवीतून पेचकस काढला. तिचं शिक्षण कुठल्या वर्गात झालं नव्हतं. घरातला रेडिओ बंद पडला तेव्हा तिने तो उघडला, आणि मग उघडायची सवयच लागली. उघडल्याशिवाय कळत नाही आणि कळल्याशिवाय झाकण लावायचं नाही, एवढाच तिचा धर्म.

तिने मशीनचं झाकण काढून टॉर्च मारला. नवी मेमरीची पट्टी नव्हती. त्या जागी जुनी, अर्ध्या ताकदीची पट्टी बसलेली होती. नवी डिस्कही नव्हती. जुनी, घरघर करणारी डिस्क आपल्या घरात परत येऊन बसली होती, जणू माहेरपण आटोपून आली होती. आठवड्याचं काम नव्या डिस्कवर होतं, ते तिच्याबरोबर गेलं.

“काल कुलूप कोणी लावलं? पांढरीने,” भाची हलक्या आवाजात म्हणाली. “घरच्या कॉम्प्युटरला अशी मेमरी चालेल का, असं तुला कोणी विचारलं होतं? तेही पांढरीनेच. मी तिला सांगितलंय, संध्याकाळपर्यंत वस्तू परत आल्या नाहीत तर उद्यापासून येऊ नकोस.”

“सांगूनही टाकलंस?”

“मग काय करू? ओवाळू?”

मावशी टॉर्च फिरवत राहिली. “बये, चोर घेऊन जातो. जुनं नीट बसवून, तारा जोडून, झाकण लावून जाणारा चोर मी तरी पाहिलेला नाही.”

मग टॉर्च एका जागी थांबला. जुनी डिस्क पेचांनी बसवलेली नव्हतीच.

२

पेच असणार तरी कुठून? नवी डिस्क बिनपेचाची होती. मागच्या खेपेला काढलेले जुने पार्ट लॅबमध्येच राहिले, पण त्यांचे पेच मावशी सवयीने आपल्या पिशवीतल्या डबीत घालून घेऊन गेली होती. ज्याने डिस्क परत बसवली त्याला पेच मिळाले नव्हते. म्हणून त्याने ती मेणाने चिकटवली होती. निळ्या मेणाने, म्हणजे दात कोरायला वापरतात त्याच. चारी कोपऱ्यांवर एकेक थेंब, आणि प्रत्येक थेंबाची कड हिरडीला दात भिडावा तशी गुळगुळीत उतरवलेली.

‘मशीनच्या पोटात कोण बघणार होतं?’ मावशीच्या मनात आलं. ‘तरी कड साफ केली. हात गप्प बसला नाही.’

ती कोणाला काही बोलली नाही. झाकण नुसतं टेकवून ठेवलं.

भाचीचा नवरा, म्हणजे घरचा जावई, बाहेरच्या टेबलाशी बसून दंतवैद्यांना फोनवरून गोड बोलत होता. त्याचा फोन संपल्यावर मावशी समोर जाऊन बसली.

“जावईबापू, तुमचं काय मत?”

“माझं मत विचारतंय कोण?” जावई म्हणाला. “मी पहिल्यापासून सांगत होतो, त्यात पार्ट घालत बसू नका, सरळ नवीन मशीन घ्या. म्हाताऱ्या घोड्याला नवे नाल ठोकून...”

तो मध्येच थांबला. काचेपलीकडे त्याचे सासरे येऊन संगणकासमोर बसत होते. जावयाने पेन उचललं, त्याचं टोपण लावलं आणि परत काढलं.

“घोड्याचं काय म्हणत होतात?”

“काही नाही. मशीन जुनं आहे, एवढंच. अडकतं. मग स्क्रीनवर भलताच दात दाबला जातो, डॉक्टरांकडून केस परत येतात. मशीनचाच दोष.”

“नव्या पार्टवरही केस परत आल्या का?”

जावई पेनच्या टोपणाकडे बघत म्हणाला, “आल्या एकदोन.”

“मग त्यात मशीनचा दोष कसा?”

“मावशी, मला उगाच बोलायला लावू नका,” जावई म्हणाला आणि वाजत नसलेला फोन त्याने कानाला लावला.

३

काचेच्या खोलीतले सासरे म्हणजे मावशीचे भावोजी. लॅबमध्ये सगळे त्यांना अण्णा म्हणत. लॅब त्यांनीच काढली. मेणाचे दात कोरायचं काम संगणकावर गेलं तेव्हा त्यांच्या वयाचे कारागीर घरी बसले, अण्णा मात्र हट्टाने माउस धरायला शिकले. आता त्यांच्या समोर ते गोल फिरत होतं आणि ते खुर्चीत आरामात मागे टेकून बसले होते. झाडाखाली बसावं तसे.

“काय भावोजी, वैताग आला असेल ना?”

“वैताग कसला? विचार करतंय ते. करू दे. घाई करून कुठे दात येतात का?”

मावशीला आठवलं, पार्ट बसवताना भावोजींनी डोळ्यांना भिंग लावून सगळं निरखलं होतं. मेमरी म्हणजे काय असं विचारलं होतं. ती म्हणाली होती, डिस्क म्हणजे तुमचं कपाट आणि मेमरी म्हणजे कामाचं टेबल. टेबल मोठं असलं की जबडे समोर मांडून ठेवता येतात. लहान असलं की एक उचलून ठेवायचा तेव्हा दुसरा काढायचा, त्यातच वेळ जातो. त्यावर भावोजींनी भिंग खाली ठेवलं होतं. मग म्हणाले होते, “टेबल लहान होत जातं का गं कधी?” ती हसली होती. सगळेच हसले होते.

दार उघडून अक्का आत आली. ही मावशीची थोरली बहीण, अण्णांची बायको. ती लॅबमध्ये दात डब्यांत भरायची, डबे चिकटवायची, आणि कोणी विचारलं तर म्हणायची, “मी कुठे काय करते?” तिने प्लास्टरचा जबडा अण्णांच्या पुढ्यात ठेवला. एका दातावर पेन्सिलचं टिंब होतं. “वरचा, उजवीकडचा,” ती स्वतःशीच गुणगुणल्यासारखी म्हणाली. “डॉक्टर म्हणालेत, फार घट्ट नको.”

गोल थांबलं. पडद्यावर जबडा उघडला. अण्णांनी वरच्या, उजवीकडच्या दातावर माउस नेला आणि दाबला. पुढचं काम बघण्यासारखं होतं. कडा, उंचवटे, खाचा, कुठेही हात अडखळला नाही.

मावशी त्या पेन्सिलच्या टिंबाकडे बघत राहिली. मग तिने नजर दुसरीकडे वळवली. काही गोष्टी दिसल्या की माणसाला आपलीच चोरी पकडल्यासारखं होतं.

४

पांढरी ठशांतून जबडे सोडवत होती. मावशी शेजारी जाऊन उभी राहिली.

“मी विचारलं होतं, हे खरं आहे,” पांढरी आपणहून म्हणाली. “घरचं मशीन रडतखडत चालतं. ही मेमरी त्याला चालेल का, एवढंच विचारलं. विचारणं म्हणजे चोरणं असेल, तर बाजारातल्या सगळ्यांना आधी धरा.”

“तू नाही घेतलीस. ते मला आत शिरताच कळलं.”

“कशावरून?”

“ते झाकण काळं आहे. तू दिव्याचं बटण दाबलंस तरी ते पांढरं होतं. आत्ता हात धुऊन पाणी प्यालीस ना? तो पेला बघ.”

पेल्यावर पाचही बोटं उमटली होती. पांढरी हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. ते पुसायला तिने हात वर नेला आणि गालही पांढरा केला.

“मग सांगा ना तसं मॅडमना.”

“सांगते. पण मग मॅडम विचारतील, तू नाहीस तर कोण? आधी मला एक सांग. नवे पार्ट बसवल्यावर इथे काय झालं?”

पांढरी बराच वेळ जबडा फुंकत राहिली. “दुसऱ्या दिवशी अण्णांनी केस उघडली. ती लगेच उघडलीही. अक्का तेव्हा मागे डबे आणायला गेल्या होत्या. मशीन विचारतंय, कुठला दात? अण्णा बसून राहिले. मॅडम मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, ‘अण्णा, इतके दिवस आपण मशीनची वाट बघायचो, आता मशीन तुमची बघतंय!’ गमतीत म्हणाल्या हो. सगळे हसले. अण्णाही हसले. आणि त्यांनी डावीकडचा दाबला.”

“आणि हवा होता उजवीकडचा.”

“मला काय माहीत?” पांढरीने घाईने मान फिरवली. “मी प्लास्टर बघते. बाकीचं मी काही बघत नाही.”

या लॅबमध्ये कोणीच काही बघत नव्हतं. दातामधली केसाएवढी फट पकडणारी ही माणसं!

मावशी मागच्या फळीपाशी गेली. तिथे अक्का डबे बंद करत होती. चिकटपट्टी लावली की ती अंगठ्याचं नख कडेवरून ओढायची. मग प्रत्येक डब्यावर चंद्रकोरीसारखी बारीक खूण उरायची. लहानपणी वह्यांना कव्हरं घालतानाही ती हेच करायची आणि मावशीच्या वहीवर जरा जोरात करायची.

“अक्का, तुला काय वाटतं? कोणी केलं असेल?”

“मला काय कळतंय कॉम्प्युटरमधलं?”

“मी पार्ट बसवत होते तेव्हा टॉर्च तूच धरला होतास.”

“टॉर्च धरला म्हणून विद्या येते का? तुझ्या भावोजींना जन्मभर मेणाचा बर्नर पेटवून दिला, म्हणून मला दात कोरता येतात का?”

अक्काला कोरता येत होते. अण्णांच्या कोरीवकामाची कीर्ती होती तेव्हा संध्याकाळी त्यांचे डोळे थकले की शेवटच्या कडा कोण उतरवायचं, हे तिने या बहिणीच्या घरी राहत असताना पाहिलं होतं. त्याचं नाव कधी कोणी काढलं नाही. अक्कानेही नाही.

ती काचेच्या खोलीत परत गेली, झाकण उघडलं आणि मेणाच्या थेंबांवर पुन्हा टॉर्च मारला. चारी थेंबांच्या कडेला नखाची बारीक चंद्रकोर होती.

मावशी तशीच उकिडवी बसून राहिली. उघडल्याशिवाय कळत नाही हे खरं. पण कळल्यावर झाकण कसं लावायचं, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

५

संध्याकाळी पांढरीने हात धुतले, पिशवी खांद्याला लावली आणि मोरीपाशी उभी राहिली. भाची तिच्याकडे न बघता किल्लीसाठी हात पुढे करत होती.

“थांब,” मावशी म्हणाली. “सगळे आत या.”

काचेच्या खोलीत दाटी झाली. अण्णा खुर्चीत, त्यांच्या मागे अक्का, जावई दाराला टेकून. पांढरी उंबऱ्यावरच थांबली.

“पहिली गोष्ट,” मावशी म्हणाली, “ही चोरी नाही. ज्याने केलं त्याला मेमरी नको होती. त्याला मशीन हळू हवं होतं. दुसरी गोष्ट, ही पांढरी नाही. काळ्या झाकणावर पांढरा ठिपकासुद्धा नाही. तिचं नाव यातून काढून टाका.”

“काढते,” भाची म्हणाली. “मग कोणाचं घालू?”

मावशीने अक्काकडे पाहिलं नाही. न पाहण्यासाठी तिला मान अवघडेपर्यंत एका बाजूला धरावी लागली. “नाव घालायलाच हवं का? वस्तू रात्रीतून टेबलावर येतील. आपण विषय सोडून देऊ.”

“वा! म्हणजे उद्या बाहेर सगळे म्हणतील, पांढरीनेच आणून ठेवल्या.”

हे बरोबर होतं. पांढरीचा पिशवीवरचा हात घट्ट झाला होता. मावशीला आपलीच लाज वाटली. बहिणीला झाकायला ती परक्या बाईचं अर्धं तोंड काळं ठेवायला निघाली होती.

तिने झाकण उघडलं. “मग बघ. डिस्क कशाने चिकटवलीय?”

भाची वाकली. बराच वेळ ती वर आलीच नाही. आली तेव्हा तिचा आवाज बदललेला होता. “मेण. आणि ही कड... अशी कड आपल्याकडे फक्त अण्णा...”

मशीन तेवढं घरघरत होतं.

“हो,” अण्णा म्हणाले. “मीच केलं.”

“अहो!” अक्काच्या तोंडून निघून गेलं.

“मी केलं. सवय नाही मला त्या घाईची. पांढरे, तुला उगाच ऐकून घ्यावं लागलं.”

खोलीने सुटकेचा श्वास सोडला. जावई म्हणाला, “ठीक आहे ना मग, त्यात काय एवढं!” भाची डोळे पुसत हसायला लागली. प्रकरण मिटत होतं. मावशीने तोंड बंद ठेवलं असतं तर मिटलंही असतं. पण शाळेतल्या बाईंचे सहा दात त्या डिस्कवर होते, आणि ती डिस्क या घटकेला हवी होती.

“भावोजी,” ती म्हणाली, “नवे पार्ट कुठे ठेवलेत?”

अण्णांनी मान वळवून अक्काकडे पाहिलं.

ते इतक्या सहज झालं, की त्यांनी आजवर कितीदा असं पाहिलं असेल हे सगळ्यांना एकदम दिसलं. अक्काची नजर अलगद फळीकडे गेली.

“त्या... फळीवर,” अण्णा म्हणाले.

“कुठल्या डब्यात?”

फळीवर सगळे डबे सारखेच होते. नजरेने एवढं सांगता येत नाही. अक्काचे ओठ हलले, आवाज फुटला नाही. अण्णा तिच्या ओठांकडे बघत राहिले. शाळेत फळ्यापुढे उभ्या राहिलेल्या मुलाने पहिल्या बाकाकडे बघावं तसे. मग त्यांची नजर खाली गेली.

“मला आठवत नाही,” ते म्हणाले.

खरं तर ते खोटं होतं. जे आपण ठेवलंच नाही ते आठवणार कसं? पण ते शब्द खोलीत पडले आणि कोणाला कोणाकडे बघवेना. पांढरी जमिनीकडे बघत होती. जावई दाराच्या कडीशी खेळत होता.

अक्का चालत फळीपाशी गेली. मधला एक डबा काढून तिने तो टेबलावर उघडला. आत कापसावर दोन नवे पार्ट होते, पेशंटला दात पाठवावेत तसे.

“मी केलं,” ती म्हणाली. “काल संध्याकाळी पांढरी मोरी धूत होती तेव्हा. ती कड माझी आहे, त्यांची नाही. पांढरी बोलणी खात होती आणि मी डबे चिकटवत बसले. माझ्यासारखी मीच.”

“पण का, आई?” भाचीने विचारलं.

“जुनं बरं होतं. उघडायला वेळ लागायचा. तेवढ्यात मला जबडा आणून ठेवता यायचा. टिंब करता यायचं.” अक्का थांबली. पुढचं वाक्य तिला उचलेना.

भाचीला ते ऐकायचंही नव्हतं. ती घाईने पांढरीकडे वळली. “पांढरे, माझं चुकलं. तू पिशवी ठेव आधी. खरंच चुकलं माझं. काय आहे ना, या मशीनने सगळ्यांनाच वेड लावलंय. पहिल्यापासून ते मशीनच...”

“मशीनवर घालू नकोस आता,” अण्णा म्हणाले.

आवाज मोठा नव्हता. भाची थांबली. अण्णांनी पुढ्यातला जबडा हातात घेतला आणि अंगठ्याने पेन्सिलचं टिंब पुसलं. मग तो जबडा सगळ्यांना दिसेल असा धरला.

“यातला कुठला करायचा होता, ते आत्ता मला माहीत नाही,” ते म्हणाले. “तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. मशीन चांगलं होतं. मी विसरतोय.”